दीड फूट पाणी आणि करनैल सिंग

तलावावरचा अधिकारी दिवसभर नेमकं काय करतो, हे मला माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत समजावता आलं नाही. "पाणी आपोआप येतं आणि आपोआप जातं," ते म्हणायचे, "मग सरकार तुम्हाला पगार कशाचा देतं?" ते कराडचे. ज्याच्या दारावरून कृष्णा वाहते त्याला असं वाटणं साहजिक आहे. चंदीगडला नदी नाही. तिथला सुखना तलाव माणसांनी बांध घालून केलेला. शिवालिकच्या टेकड्यांवर पाऊस पडला की 'चो' म्हणजे एरवी कोरडे असणारे ओढे फुगतात आणि तांबडं पाणी घेऊन तलावात उतरतात. वर्षाचं सगळं पाणी अडीच महिन्यांत येतं. उरलेले साडेनऊ महिने ते कसं कमी होतंय हे रोज सकाळी वहीत लिहायचं, हे माझं काम.

काम याहून थोडं जास्त होतं. तलावाला एका टोकाला दरवाजे आहेत. तलाव जास्त भरला तर ते उचलून पाणी खालच्या चोमध्ये सोडायचं. किती भरला म्हणजे जास्त, हे काँक्रीटच्या भिंतीवर फूट आणि इंचांच्या खुणांनी रंगवलेलं असतं. इतकं सोपं असूनही त्या खुणांवरून मी जितकी भांडणं ऐकली तितकी जमिनीच्या मोजणीतही ऐकली नसतील. शहराला तलाव काठोकाठ भरलेला हवा असतो, कारण त्यात नावा चालतात आणि डोंगर उलटे दिसतात. इंजिनिअरला तो थोडा रिकामा हवा असतो, कारण उद्याचा पाऊस कुठेतरी ठेवायला लागतो. पाणी सोडलं आणि नंतर पाऊस आला नाही, तर मे महिन्यात नावा चिखलात बसतात. न सोडलं आणि ढगफुटी झाली, तर मातीचा बांध जातो. दोन्ही वेळा स्पष्टीकरण इंजिनिअरच देतो.

नावा चिखलात बसलेल्या मी पाहिल्या आहेत. एका मे महिन्यात लुधियान्याचं एक नवविवाहित जोडपं पायडलच्या नावेत बसायचंच म्हणून अडून राहिलं. नावाड्यानं सांगितलं, पाणी नाही. ते म्हणाले, फोटोत पाणी कुठे मोजतात? अर्धा तास ते गाळात रुतलेल्या नावेत बसून पायडल मारत होते. फोटो चांगला आला असं ऐकलं.

मी बोलतोय तो पंजाबातल्या दहशतवादाचा काळ. त्या दिवसांत स्कूटरवर मागे कुणाला बसवायला बंदी होती, तलावाच्या पायऱ्यांवर फिरायला येणाऱ्यांची झडती व्हायची आणि पाण्यात काहीही तरंगताना दिसलं की बॉम्बवाल्या पथकाला बोलवावं लागे. एकदा एक गाठोडं तरंगताना दिसलं आणि दिवसभर तलाव बंद राहिला. आत देवांची जुनी कॅलेंडरं होती, कुणीतरी श्रद्धेनं विसर्जित केलेली. त्यानंतर तलावात काहीही सोडायला मनाई झाली. त्याच वर्षी मी आमच्या महाराष्ट्र मंडळाचा चिटणीस होतो. मंडळाचा चिटणीस म्हणून मी गणपती विसर्जनाच्या परवानगीचा अर्ज केला आणि तलावाचा अधिकारी म्हणून तो नाकारला. गणपती शेवटी आमच्या क्वार्टरच्या अंगणात पिंपात विसर्जित झाला. माझी मुलगी हिंदीत म्हणाली, "बाप्पा को तैरना आता है क्या?" ती मराठी समजायची, पण बोलायची हिंदीतच.

माझ्या हाताखाली खूप माणसं होती असं कागदावर दिसायचं. प्रत्यक्ष तलाव चालवायचा तो करनैल सिंग. तो गेटवरचा बेलदार, म्हणजे दरवाजे सांभाळणारा मजूर, पन्नाशीचा, उंच, पांढरी होत आलेली दाढी. दरवाज्यांच्या शेजारीच एका खोलीत राहायचा. भिंतीवरच्या खुणा त्याला बघाव्या लागत नसत, पाणी कुठल्या दगडाला टेकलंय यावरून तो इंच सांगायचा. आमचं बोलणं हिंदीत, त्यात त्याची पंजाबी. मला तो 'बोडससाब' म्हणे. बोडस हे आडनाव आहे यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता.

दुसरे एक रोजचे गृहस्थ म्हणजे जज्जसाहेब, निवृत्त न्यायमूर्ती, तलावाजवळच राहणारे. रोज सकाळी सहाला बांधावरून फिरायचे. त्यांच्या जिवाला धोका असल्यामुळे मागे दोन बंदूकधारी असत, आणि जज्जसाहेब झपझप चालत असल्यामुळे ते नेहमी धापा टाकत असत. पायरीवर उभं राहून साहेब हातातली काठी पाण्यात बुडवायचे, ओला भाग बघायचे आणि पाणी कमी असल्याबद्दल मला लेखी कळवायचे. पत्रं निकालपत्रासारखी असत, परिच्छेदांना क्रमांक घातलेली. शेवटच्या परिच्छेदात मी दोषी असे.

आता ती गोष्ट.

ऑगस्ट होता. शहरात आदल्या दिवशी गोळीबार होऊन माणसं गेली होती आणि सकाळपासून कर्फ्यू लागला होता. त्याच वेळी डोंगरात दोन दिवस सलग पाऊस. सकाळी साडेआठला करनैल सिंगचा फोन आला. "साब, धोक्याच्या खुणेला सात इंच राहिलेत. वरून येतंच आहे."

माझ्याकडे कर्फ्यूचा पास होता. ड्रायव्हर तिलकराजकडेही होता. आम्ही जीपनं रिकाम्या रस्त्यांवरून निघालो. त्या शहरात सगळे रस्ते सरळ आणि चौक गोल. माणसं नसली की ते सगळं नकाशासारखं दिसतं. चार ठिकाणी आम्हाला थांबवलं, चारही ठिकाणी पास बघितला आणि सोडलं.

दरवाज्यांवर पोचलो तेव्हा सहा इंच राहिले होते. पाणी सोडायचं हे नक्की होतं. प्रश्न खालच्या लोकांचा होता. तलावाखाली चोचं पात्र दहा महिने कोरडं असतं, म्हणून त्यात माणसं राहायला येतात. त्या वर्षी वळणापलीकडे बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या होत्या, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले. पावसाळ्यापूर्वी आम्ही त्यांना उठवलं होतं, ते पुन्हा आले होते. नियम असा की दरवाजे उघडण्यापूर्वी हातानं फिरवायचा भोंगा तीन वेळा वाजवायचा. भोंगा ऐकला की खालची माणसं बांधावर चढायची.

मी नियंत्रण कक्षाला फोन लावला.

"पाणी सोडतोय. भोंगा वाजवायचा आहे."

"भोंगा?" पलीकडचा अधिकारी म्हणाला. "कर्फ्यूत? लोकांना वाटेल शहरावर हल्ला झाला. अजिबात नाही."

"मग खालच्या लोकांना सांगायचं कसं?"

"जाऊन सांगा."

"कर्फ्यू आहे."

"म्हणूनच तर भोंगा नको म्हणतोय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

करनैल सिंग म्हणाला, खालच्या गावाच्या गुरुद्वाऱ्याच्या कर्ण्यावरून सांगता येईल. पण कर्ण्यांनाही बंदी होती. झोपड्यांतल्या लोकांना हुकूम होता, घराबाहेर पडू नका. ते बिचारे तो पाळत होते. घर मात्र पाण्याच्या वाटेत होतं.

कुणीतरी चालत जाऊन त्यांना बाहेर काढायला हवं होतं. जीप चिखलातून जाणार नव्हती. आम्ही तिघं होतो. दरवाजा हातानं फिरवायला दोन माणसं लागतात. म्हणजे एकाला जाता येत होतं.

इथे मला नीट लिहिलं पाहिजे. दरवाजा फिरवायला करनैल सिंग आणि तिलकराज पुरेसे होते. माझी गरज फिरवायला नव्हती, हुकूम द्यायला होती, आणि हुकूम 'मी निशाण दाखवलं की उघडा' असाही देता आला असता. पास माझ्या खिशात होता. मी म्हणालो, "कुणीतरी जायला हवं," आणि भिंतीवरच्या खुणांकडे बघत राहिलो. करनैल सिंग म्हणाला, "मी जातो साब. ते मला ओळखतात."

मी गेलो नाही तो भीतीनं. एरवी मी याला 'जबाबदारीचं ठिकाण सोडता येत नव्हतं' असं म्हणत आलो आहे.

त्याच्याकडे पास नव्हता, म्हणून मी त्याला एका कागदावर इंग्रजीत लिहून दिलं की हा माणूस सरकारी कामावर आहे. खाली सही केली. शिक्का ऑफिसात कुलपात होता. त्यानं तो कागद पगडीत खोचला, वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा आणि काठी घेतली आणि नावांच्या धक्क्यावरचं लाल निशाण काखेत मारलं. सगळे बाहेर पडले की वळणावरच्या बांधावर तो निशाण रोवणार होता. ते दरवाज्यांवरून दिसायचं. थोड्या वेळानं डबा बडवल्याचा आवाज यायला लागला, मग तो लांब गेला.

पाच इंच. चार. तिलकराज दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "साब, खोल दें?" मी म्हणायचो, थांब. साडेतीन. बांधावरून पाणी गेलं असतं तर झोपड्याच नाहीत, खालची अख्खी गावं गेली असती, तेव्हा निशाण दिसो न दिसो, दोन इंचांवर दरवाजे उघडायचे असं मी मनाशी ठरवलं. ते ठरवलं तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की करनैल सिंगही पात्रातच आहे.

तीन इंचांवर लाल निशाण वर आलं. आम्ही दोघांनी दरवाजे उचलले. तांबडं पाणी खाली कोसळलं आणि काही मिनिटांत वळणापर्यंतचं पात्र भरलं. नंतर कळलं, झोपड्या सगळ्या गेल्या, एक खाट आणि दोन कोंबड्या गेल्या. माणूस एकही गेला नाही.

दुपारचे तीन वाजले तरी करनैल सिंग परतला नाही. जाऊन यायला तासभर पुरेसा होता. पाणी उतरायला लागलं होतं, म्हणून मी आणि तिलकराज जीप घेऊन निघालो. गावाच्या नाक्यावर विचारलं तर एक जवान म्हणाला, "डबा वाजवणारा सरदार? त्याला चौकीवर नेलंय."

चौकीतला अधिकारी सभ्य होता. त्यानं मला खुर्ची दिली. मी सांगितलं, तो आमचा माणूस आहे, अत्यावश्यक सेवेतला. त्यानं टेबलावरच्या फायलीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"अत्यावश्यक कर्मचाऱ्यांची तुमच्या खात्याची यादी. यात त्याचं नाव दाखवा."

नाव नव्हतं. यादीखाली सही माझी होती. ती केली तेव्हा मला वाटलं होतं, तो दरवाज्यांजवळच राहतो, त्याला कुठे जायचं असतं? मी स्वतःचं नाव घातलं होतं, दोन उपअभियंत्यांचं, तिलकराजचं, आणि ऑफिसच्या हेडक्लार्कचंही, कारण त्यानं आग्रह धरला होता.

"त्याच्याजवळ माझं पत्र आहे," मी म्हणालो.

"आहे. शिक्का नाही. असं पत्र कुणीही लिहील." तो थकलेला दिसत होता. "साहेब, कालच माझी दोन माणसं गेली. आज एक दाढीवाला कर्फ्यूत डबा बडवत लोक गोळा करतो. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. करनैल सिंग जमिनीवर बसला होता. पगडी बाजूला पडली होती आणि त्यानं डावा हात कानावर धरला होता. मला बघून त्यानं विचारलं, "साब, किती इंचांवर उघडलं?"

"तीन," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली.

मी जज्जसाहेबांच्या घरी गेलो. का गेलो, सांगता येत नाही. त्या शहरात माझ्या ओळखीचा मोठा माणूस तोच होता आणि ओळखही फक्त तक्रारींची होती. ते व्हरांड्यात वाचत बसले होते. मी सगळं सांगितलं, यादीचं सुद्धा. त्यांनी पुस्तक मिटलं. मग उठले, काठी घेतली आणि बंदूकधाऱ्यांना म्हणाले, "चलो." जीपमध्ये बसा म्हटलं तर म्हणाले, "मी दोन मैल रोज चालतो. आज सकाळी चालू दिलं नाही." पण पाऊस पुन्हा सुरू झाला आणि ते जीपमध्ये बसले.

चौकीत अधिकारी उभा राहिला. जज्जसाहेबांनी खुर्ची नाकारली.

"आरोप काय?"

"कर्फ्यू मोडला, सर. आणि जमाव जमवला."

"किती जणांचा?"

"सत्तर-ऐंशी असतील."

"ते लोक आता कुठे आहेत?"

"बांधावर, सर."

"आणि सकाळी ते जिथे होते, तिथे आता काय आहे?"

अधिकाऱ्यानं टेबलावरची फाईल मिटली.

"पाणी," जज्जसाहेब म्हणाले. "हे तुमच्या नोंदीत लिहा. वेळेसह. मग खाली मी साक्षीदार म्हणून सही करतो."

नोंद लिहिली गेली नाही. करनैल सिंगला मात्र दहा मिनिटांत सोडलं. त्यानं तिथेच उभं राहून पगडी पुन्हा बांधली, सावकाश, एकेक घडी नीट करत. तोपर्यंत सगळे उभे राहिले, जज्जसाहेबही.

परत जाताना जज्जसाहेबांनी मला विचारलं, "एकूण किती पाणी सोडणार आहात?"

"दीड फूट, सर."

"मे महिन्यात बोलू," ते म्हणाले.

कर्फ्यू उठल्यावर मी करनैल सिंगला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे कानाचे डॉक्टर आमच्या मंडळातलेच होते, नागपूरचे. त्यांनी बघितलं आणि मराठीत मला म्हणाले, "पडदा फाटलाय. कुणीतरी जोरात मारलंय." मग हिंदीत त्याला विचारलं, हे कसं झालं.

"पाण्याच्या आवाजानं," करनैल सिंग म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघितलं. डाव्या कानानं त्याला पुढे कायम कमी ऐकू आलं.

मी त्याच्या शौर्याबद्दल शिफारस पाठवली. माझ्या नोकरीत मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं इंग्रजी त्या कागदावर आहे. महिन्याभरानं उत्तर आलं, तेही मला नाही, करनैल सिंगला. कर्फ्यू असताना कुणाच्या परवानगीनं त्यानं आपली नेमून दिलेली जागा सोडली, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

तो कागद घेऊन ऑफिसात आला. माझ्या टेबलासमोर उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"काय लिहू साब?"

"खरं ते लिही. मी पाठवलं म्हणून."

"तुम्ही कुठे पाठवलंत?" तो म्हणाला. "मीच म्हटलं, जातो." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो मला वाट काढून देत होता. "तुमच्या प्रमोशनची वेळ आहे, सगळ्यांना माहीत आहे. माझं काय, मला बेलदाराचा आणखी काय करणार? लिहून टाकतो, आपल्या मर्जीनं गेलो. एक वेतनवाढ थांबवतील."

मी म्हणालो, कागद ठेवून जा, मी बघतो.

कागद चार दिवस माझ्या खणात होता. पहिल्या दिवशी मला काम होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या वतीनं 'स्वेच्छेने गेलो' असा मसुदा इंग्रजीत तयार केला. तो चांगला झाला होता. फक्त त्याची सही घ्यायची होती. चौथ्या दिवशी तो मसुदा घेऊन मी दरवाज्यांवर गेलो. करनैल सिंग दरवाज्याच्या चाकाला वंगण घालत होता. मी त्याच्या डाव्या बाजूनं हाक मारली. त्यानं वळून बघितलं नाही. दुसऱ्यांदा मारली, तरी नाही. मी तसाच परत फिरलो.

पाचव्या दिवशी मी उत्तर लिहिलं. बेलदार माझ्या तोंडी हुकमावरून गेला, त्याला पास न मिळण्याचं कारण मी केलेली यादी, आणि भोंग्याला परवानगी नाकारल्याची नोंद फोनच्या वहीत आहे. चौकशी झाली. करनैल सिंगचं प्रकरण मिटलं. माझ्या गोपनीय अहवालात 'विवेकबुद्धीचा अभाव' असा शेरा आला आणि बढती तीन वर्षं पुढे गेली. सासरे म्हणाले, पाणी सोडल्याबद्दल शिक्षा होते हे प्रथमच ऐकलं. पुढच्या मे महिन्यात नावा चिखलात बसल्या आणि जज्जसाहेबांचं पत्र आलं, अकरा परिच्छेदांचं.

करनैल सिंग निवृत्त झाला तेव्हा मी बदलीवर होतो. आता तो मोहालीच्या पलीकडे मुलाकडे असतो. मी पुण्याहून अधूनमधून फोन करतो. तो फोन उजव्या कानाला लावतो आणि बायकोला ओरडून सांगतो, "बोडससाब हैं, जिन्होंने मेरी नौकरी बचाई." गेली तीस-बत्तीस वर्षं तो असंच सांगत आला आहे. खणातल्या त्या चार दिवसांबद्दल त्याला माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही. लिहितो आहे तेही आज पहिल्यांदाच, आणि मराठीत. त्याला मराठी वाचता येत नाही.